वाघळपाड्याचं एक मत

वाघळपाड्याच्या बूथवर सरपंचपदासाठी चारशे अकरा मतं पडली. छत्रीला चारशे दहा, शिलाई मशीनला एक. नोटाला शून्य. ते एक मत माझं होतं.

हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे वाचताना कोणाला डोकं खाजवत बसायला नको. पाड्यात मात्र हे कोणालाच माहीत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत करून घ्यायचं होतं.

मी प्रगती. आमच्या ग्रामपंचायतीत कॉम्प्युटर ऑपरेटर आहे. जन्माचा दाखला, मरणाचा दाखला आणि मधल्या काळात लागणारे बाकीचे सगळे दाखले मीच काढून देते. नोकरी कंत्राटी, दर मार्चला सरपंचाच्या सहीने पुढे सरकणारी. तलासरी तालुक्यात अशा नोकरीसाठी किती अर्ज येतात ते मला चांगलं माहीत आहे, कारण ते अर्जही मीच भरून देते.

छत्री म्हणजे मुकेश, आमच्याच पाड्यातला. आधी उपसरपंच होता, आता सरपंच. मशीन म्हणजे शितल, पलीकडच्या पाड्यावरची, माझ्याबरोबर आश्रमशाळेत होती. बाकी तिन्ही बूथवर शितल पुढे होती. तिथे मतं इकडे-तिकडे फुटली होती, पण कोणी कोणाला जाब विचारला नाही, कारण शंभर-दीडशे माणसांशी भांडायला वेळ कोणाला असतो? मुकेश निवडून आला तो आमच्या पाड्यामुळे, एकूण एकवीस मतांनी. आणि आमच्या पाड्याची चूक एवढीच, की आम्ही फार आज्ञाधारक निघालो. चाळीस जण फिरले असते तर कोणी ओळखलं नसतं. एकच फिरलं, म्हणून ते उघडं पडलं.

आज्ञाधारक निघण्यालाही कारण होतं. दिवाळीच्या आधी मुकेश दारोदार फिरला आणि म्हणाला, सगळी मतं द्या, घरोघरी नळ देतो. पाड्यात असलं काही ठरवायचं तर लडक्या आजाच्या खळ्यावर बसतात. लडक्या आजा आमचा भगत, तांदळाचे दाणे टाकून देवाचा कौल सांगणारा. त्याने नव्या तांदळाने भरलेलं सूप मधे ठेवलं आणि घराघरातल्या प्रत्येकाने त्यात हात घालून कणसरीची, म्हणजे धान्याच्या देवीची, आण घेतली, की मत छत्रीलाच. मी त्या दिवशी तलासरीला मीटिंगला होते. संध्याकाळी घरी आले तर आय म्हणाली, "तुझा पन हात घातला."

"माझा हात माझ्याजवळ होता ना, आय?"

"उजवा माझा घातला, डावा तुझा."

माझी आय, बुधी, अशी व्यवहारी बाई आहे. पण दुसऱ्याच्या डाव्या हाताने घेतलेली आण आपल्याला कितपत लागू होते, याबद्दल कुठलाही शासन निर्णय माझ्या पाहण्यात नाही. मी स्वतःला मोकळं धरलं.

मशीनला मत का दिलं, तेही सांगते. दोन वर्षांपूर्वी शितल ग्रामसभेत उभी राहिली आणि म्हणाली, मागच्या सभांचं इतिवृत्त मोठ्याने वाचून दाखवा. कोणी दाखवलं नाही. बरंच झालं, कारण त्यातल्या चार सभा झाल्याच नव्हत्या आणि त्यांतल्या एका ठरावाला काळ्याबाबाने अनुमोदन दिलं होतं. काळ्याबाबाचा मरणाचा दाखला त्याच्या आधीच्या वर्षी मीच काढला होता. इतिवृत्तही मीच टाइप केलं होतं. त्या दिवशी मी मान खाली घालून कीबोर्डवरची धूळ पुसत बसले. मतदानाच्या दिवशी मतदान यंत्रासमोर ते आठवलं आणि बोट आपोआप दुसऱ्या बटणावर गेलं. मला बरं वाटलं. निकालाच्या दिवशी आकडा ऐकला, आणि ते बरं वाटणं तिथेच संपलं.

संशय गेला पुतळी आजीवर. सत्तरीच्या पुढची, एकटी राहणारी, पाड्याच्या अगदी टोकाला घर. मतदानाच्या खोलीत तिने बूथवरच्या साहेबांना मोठ्याने विचारलं होतं, "दोघांना दाबला तर चालल का? दोघांनी माझे पाय धरलेन." रांगेतल्या तीस माणसांनी ते ऐकलं. साहेब म्हणाले, एकालाच. मग बराच वेळ आत काही आवाज नाही, आणि मग बीप. लोकांना एवढं पुरलं.

जानेवारीत पाइप आला. घराघराने पुढे सरकत तो रखमीच्या अंगणापर्यंत आला आणि थांबला. रखमीच्या पुढे चाळीस पावलांवर पुतळी आजीचं घर. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, पुढे खडक लागला. पुढे पुतळी आजीने लावलेले वाल होते, चांगले गुडघाभर वाढलेले. वाल खडकात येत नाहीत हे ठेकेदारालाही माहीत होतं. पुतळी आजी पूर्वीसारखी हंडा घेऊन खालच्या विहिरीवर जात राहिली, फक्त आता बाकीच्या बायका तिच्याबरोबर नव्हत्या.

मी रोज तिला जाताना बघत होते आणि रोज ठरवत होते की आज मुकेशला सांगून टाकायचं. मग ऑफिसात जाऊन कॉम्प्युटर चालू करत होते. मार्च दोन महिन्यांवर होता.

अशात शेलार साहेब आले. जिल्ह्याच्या कुठल्यातरी 'गावकुटुंब कक्षा'तून आले होते. हा कक्ष कुठे आहे ते मी विचारलं, तर म्हणाले, सध्या माझ्या बॅगेत आहे. बॅगेत एक टॅब होता. प्रत्येक मतदाराची माहिती अद्ययावत करायची: आधार, मोबाइल, रेशनकार्ड, आजार, कोण कामाला कुठे जातं, किती दिवस, कोंबड्या किती, अंगठा आणि चेहऱ्याचा फोटो. आणि तेविसावा रकाना होता, 'राजकीय कल'. त्यात दोनच पर्याय, छत्री आणि शिलाई मशीन.

"साहेब, मतदान गुप्त असतं," मी म्हटलं.

"मत कुठे विचारतोय आपण? कल विचारतोय."

"फरक काय?"

"मत दिलं की संपतं. कल राहतो."

"रिकामा सोडला तर?"

"टॅब पुढेच जात नाही, मॅडम. ट्राय करून बघा."

मी बघितलं. टॅब खरंच पुढे जाईना. मुकेश बाजूच्या खुर्चीत बसून ऐकत होता. तो वाईट माणूस आहे असं नाही. सगळं आपल्याला माहीत असावं एवढंच त्याला वाटतं. म्हणाला, "प्रगती, तू पाड्यातलीच. तुला सगळे खरं सांगतील. मला फक्त एक नाव पाहिजे."

अशा रीतीने मला शोधून काढण्याचं काम माझ्यावर आलं.

पहिलं घर लडक्या आजाचं घेतलं. मुकेश त्याच्याकडे आधीच येऊन गेला होता, तांदळाचे दाणे टाकून बघ कोणी आण मोडली म्हणून. मी आधार, रेशनकार्ड, कोंबड्या, सगळं भरलं. तेविसाव्या रकान्याशी आले.

"दाणे काय बोलले, आजा?"

"दाणे बोलले, ता मत माझा हाय. लिही."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतो आहे. "आण तुमच्याच सुपावर घेतली होती ना?"

"म्हनूनशीच. सूप माझा, तांदूल माझा, कणसरी काय रागावली तर माझेवर रागावल. पुतळीचे गुडघे गेले, बाय. ती विहिरीत पडली तर मना तिचेसाठी बी दाने टाकाय लागतील. लिही तू."

तो टॅबमध्ये डोकावून बसला. मी मशीन दाबलं. त्याने अंगठा लावला, फोटोसाठी टोपी नीट केली.

म्हटलं, एक झालं. म्हातारा माणूस, भगत, त्याला कोण काय करणार. पण रखमीच्या घरी गेले तर ती चुलीजवळून उठून माझ्या कानाशी आली.

"ता मत माझा व्हता. कोनाला सांगू नको. लिही फकस्त."

"रखमी, तू मतदानाला माझ्या पुढेच उभी होतीस. बाहेर येऊन म्हणालीस, झाली एकदाची छत्री."

"ता नवरा ऐकत व्हता म्हनून." तिने दाराकडे एकदा बघितलं. "लगीन झाल्यापासून एक गोष्ट माझे मनान केली नाय. कापडपन तोच आनतो. ही एक माझी लिही."

मला चांगलंच कळत होतं की ती खोटं बोलते आहे, आणि तिला ते खोटं वाटत नव्हतं. मी लिहिलं.

धाकल्या मतदानाच्या दिवशी पाड्यात नव्हताच. तो धाकटी डहाणूला बोटीवर कामाला असतो, तेव्हा समुद्रात होता. सुकटीची पिशवी माझ्या हातात देऊन म्हणाला, "ता एक मत माझा."

"तू तर आलाच नव्हतास!"

"असतो तर दिला असता."

टॅबला हे पटलं. टॅबला कशाचंच काही वाटत नव्हतं, फक्त रिकामं सोडलेलं त्याला चालत नव्हतं.

आठ दिवसांत असे सतरा जण झाले. कोणी दार लावून सांगितलं, कोणी गोठ्यात नेऊन. कोणाला पुतळी आजीची दया आली होती. कोणाला मुकेशने लग्नात बोलावलं नव्हतं. एकाने स्पष्ट सांगितलं की एवढी मोठी गोष्ट झाली आणि त्यात आपण कुठेच नाही, हे त्याला बरं वाटत नाही. कोणी कोणाशी बोललं नव्हतं. प्रत्येकाला वाटत होतं की आपण एकटेच पुढे झालो. सोळावी होती काळी, मुकेशची बायको. वाणगावची, फार न बोलणारी. मुकेश ऑफिसात होता. म्हणाली, "त्यान इचारला तर मी नायच बोलीन. पन कुठं तरी लिहून असू दे."

मला त्यांचं कौतुक वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मला राग आला. ते मत माझं होतं. मी भीत भीत दिलं होतं, त्यापायी दोन महिने नीट जेवले नव्हते, आणि हे लोक ते जत्रेतल्या खोबऱ्यासारखं आपापसात वाटून घेत होते. कोणाला घाबरल्यासारखंही दिसत नव्हतं. घाबरलेली अख्ख्या पाड्यात एकटी मीच.

पुतळी आजीचं घर मी शेवटी ठेवलं होतं. ती ओसरीवर वाल सोलत होती. कोंबड्या तीन, आजार गुडघ्याचा, मोबाइल नाही. तेविसावा रकाना आला. मनात म्हटलं, हिने तरी आता मशीन म्हणू नये.

"छत्री," ती म्हणाली. "आन घेतली व्हती ना. इचारला दोघांचा, पन दाबली छत्रीच. कोनी मानत नाय."

"मी मानते."

"तूच एक." तिने वालाची शेंग हातात तशीच धरून माझ्याकडे बघितलं. "तुला कसा ठाव?"

बोलायची वेळ हीच होती. ओसरीवर आम्ही दोघीच होतो. हंडा रिकामा, पालथा घातलेला. मी तोंड उघडलंही.

"असंच," मी म्हटलं. "अंगठा लाव, आजी."

तिने अंगठा लावला. मग हातातली शेंग सोलली.

घरी येऊन मी माझी स्वतःची माहिती भरली. आधार, मोबाइल, कोंबड्या पाच. तेविसाव्या रकान्यात छत्री दाबली. सतरा जणांनी खोटं बोलून स्वतःला अडकवून घेतलं आणि जिचं मत होतं तिने खोटं बोलून स्वतःला सोडवलं. माझी मला इतकी लाज वाटली की आयने वाढलेली भाकरी तशीच राहिली. आय म्हणाली, "टॅबान डोला बिघडला तुझा."

सोमवारी शेलार साहेब टॅब घ्यायला आले. पाड्यात रेंज नसते, त्यामुळे माहिती अजून टॅबमध्येच होती. तलासरीत गेल्यावर ती वर जाणार होती. त्यांनी बेरीज काढली. परत काढली.

"मॅडम, मशीनला सतरा?"

"जसं सांगितलं तसं भरलं, साहेब. अंगठे आहेत."

मुकेश खुर्ची पुढे ओढून आला. "एक होतं."

"मतमोजणीत एक होतं," शेलार साहेब म्हणाले. ते आकड्यांचे माणूस. त्यांचं डोकं आपोआप चालायला लागलं. "इथे सतरा आहेत. म्हणजे सोळा मतं मशीनची, गेली छत्रीला. तुमची लीड किती होती?"

"एकवीस," मुकेश म्हणाला.

"सोळा तुमच्यातून वजा, सोळा तिकडे जमा. बत्तीसचा फरक पडतो. म्हणजे तुम्ही अकरा मतांनी पडलात."

"पडलो कसा? निवडून आलोय मी!"

"मी म्हणत नाही. डेटा म्हणतो. अंगठ्यासकट म्हणतो. हे वर गेलं, आणि उद्या त्या शितलबाईंनी माहिती अधिकारात मागितलं, तर कोर्टात..."

मुकेशने टॅब स्वतःकडे ओढला. मग विचारलं, "कोण कोण आहेत सतरा?"

शेलार साहेबांनी यादी उघडली. मुकेश एकेक नाव वाचत गेला. लडक्या आजापाशी थांबला. धाकल्यापाशी म्हणाला, "हा तर बोटीवर होता." सोळाव्या, काळीच्या नावापाशी आला. टॅब उलटा करून टेबलावर ठेवला. त्याचा चेहरा बघून मला पहिल्यांदा त्याची कीव आली. त्याला एक नाव पाहिजे होतं.

"साहेब," तो म्हणाला, "मतदान गुप्त असतं ना?"

"असतं."

"मग हे विचारायचं कशाला? हा गुन्हा आहे. असल्या गोष्टी आमच्या पंचायतीत चालणार नाहीत."

"वरून आलेला रकाना आहे, तेवढाच मला काढता येत नाही. काढायचं तर सगळंच काढावं लागेल."

"सगळंच काढा."

शेलार साहेबांनी आमच्यासमोर टॅब कोरा केला. चारशे चाळीस माणसांचे अंगठे, फोटो, गुडघे आणि कोंबड्या गेल्या. त्यांनी अहवालात लिहिलं की वाघळपाड्यात रेंज नाही. ते खरंच होतं.

पुढच्या ग्रामसभेत मुकेशने मतदानाच्या गुप्ततेवर दहा मिनिटं भाषण केलं. चांगलं केलं. शितलने उभं राहून विचारलं, हे इतिवृत्तात येणार का? मुकेश म्हणाला, येणार. मी तिथेच टाइप केलं आणि कोणी सांगायच्या आधी उभं राहून मोठ्याने वाचून दाखवलं. माझा आवाज सुरुवातीला चिरकला. मार्चमध्ये मुकेशने माझ्या कागदावर सही केली; खाली बघून केली, पण केली.

खडक त्याच आठवड्यात निघाला. पाइप वालाच्या कडेने गेला.

नळाला पाणी आलं त्या सकाळी मी ऑफिसला जाताना पुतळी आजीकडे वळले. ती हंडा लावून नळाशेजारी बसली होती, कोणाची तरी सोबत करत असल्यासारखी. मी चपला काढल्या. आता घाबरायचं कारण उरलं नव्हतं, म्हणूनच बोलायला जास्त जड गेलं.

"आजी, ते एक मत माझं होतं."

"ठाव हाय," ती म्हणाली.

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तर तिने हात वर केला.

"मी छत्री दाबली, ता मलाच ठाव. तू मानते बोललीस. कोन मानल असा? ज्यान दिला तोच मानल ना."

"मग सांगितलं का नाही कोणाला? तीन महिने विहिरीवर जात होतीस तू! माझ्यामुळे!"

"कोनाचा मत ता सांगायचा नसतो. तुझे नोकरीचा मार्च व्हता. माझा काय, मी आधीपन विहिरीवरच जात व्हती."

मी रडले. पुतळी आजीने मला रडू दिलं, मधेच पाण्याची धार बारीक केली. हंडा गळ्याशी भरला तेव्हा तिने नळ बंद केला, नीट बंद झाला का ते दोनदा बघितलं आणि पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवली.

"घराला तर इथंच जायचा हाय," ती म्हणाली, "पन सवय नाय जात. चल, हंडा उचलू लाग."